अवसेचं पाणी

"तुमी लोका नेमी भांगालाच कं येतान, सायेब?" गोजराबाईंनी हे विचारलं ते अगदी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून. त्यांचा एक हात टोपलीत होता, टोपलीत चिंबोऱ्या होत्या आणि त्यांच्या नांग्या सुतळीनं बांधता बांधता त्या बोलत होत्या. अरविंद खाली वाकून पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा वहीत उतरवत होता. संध्याकाळचे पावणेसहा झाले होते, खाडीला भरती होती, आणि मातीच्या जुन्या बांधात जिथं पाणी अडवायचं लाकडी दार होतं, ज्याला इथली माणसं उघाडी म्हणत, तिथं दगडी खांबाला ठोकलेल्या पट्टीवर पाणी शहाण्यासारखं थांबलं होतं. आधीच्या तीन फेऱ्यांना जिथं थांबलं होतं तिथंच, दोन बोटं इकडं की तिकडं. पट्टीच्या बाजूला, पाण्याच्या वर चांगली दोन फूट, शहाजी सर्व्हेअरनं ऑइल पेंटची लाल रेघ मारली होती. उद्या इथं रेल्वेची साइडिंग येईल, म्हणजे कंपनीच्या मालगाड्यांसाठी मुख्य मार्गावरून फुटलेला स्वतंत्र फाटा येईल, तेव्हा सगळ्या यार्डाची जमीन त्या लाल रेघेच्या पातळीला असणार होती. "भांगाला म्हणजे?" अरविंदनं वही मिटत विचारलं. "आता हाय ना पानी, निजलेलं, तो भांग. अवसेला येवा. पुनवेला येवा. तवा बगा आमची खाडी." बाईंचा मुलगा हितेश बांधावर गाडीला टेकून उभा होता. न्हावा शेवाला त्याचे चार ट्रेलर फिरतात, नव्या साइडिंगवर आठ फिरतील या हिशेबानं तो हल्ली अरविंदच्या प्रत्येक फेरीला हजर असे. तो ओशाळून म्हणाला, "आये, तू गप ना. साहेब इंजिनीअर आहेत, त्यांना काय शिकवतेस?" अरविंद हसला. "येऊ की एकदा," असं म्हणाला, जसं आपण लांबच्या नातेवाइकांना जेवायला येऊ म्हणतो आणि जात नाही. मग बूट झाडून गाडीत बसला.

कळंबोलीच्या सर्कलला गाडी अडकली तेव्हा ते वाक्य परत आलं. काहीच कारण नव्हतं. पुढं लोखंडाच्या गुंडाळ्या लादलेला ट्रेलर होता, त्याच्या साखळ्या ब्रेकबरोबर खडखडत होत्या. नेमी भांगालाच. त्यानं रेडिओ लावला, बंद केला. गेले चौदा महिने तो एकच काम करत होता. कंपनीचा माल पूर्वेकडच्या कारखान्यांतून रेल्वेनं यायचा, सगळ्यांसाठी असलेल्या यार्डात उतरायचा, तिथं आपली पाळी येईतो पडून राहायचा, मग ट्रेलरवर चढायचा, मग गोदामात परत उतरायचा. एकच गुंडाळी चार वेळा उचलायची, असा तो खेळ. तेव्हा आपलीच जागा हवी, आपलेच रूळ हवेत, पूर्ण मालगाडी सरळ आत येऊन उभी राहील असे हवेत, हे ठरलं, आणि ती जागा शोधायला अरविंदला मोकळं सोडलं. साडेसातशे मीटर सरळ पट्टा हवा, कुठं वाकडा नको. जमीन सपाट हवी, कारण भरलेली गाडी उतारावर उभी करून चालत नाही. मुख्य मार्ग जवळ हवा, ट्रेलरला रस्ता हवा. सात जागा त्यानं पायांनी मोजल्या. एकीच्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या, एकीच्या मधोमध शाळा होती, एक जागा कागदावर इतकी देखणी होती की तो तिच्या प्रेमातच पडला होता, पण तिथं रूळ वळवायलाच जागा नव्हती. आणि मग ही, चार नंबर. जुन्या खाजणाचा, म्हणजे बांध घालून खाडीतून मिळवलेल्या जमिनीचा, लांबच लांब पट्टा, भातशेती कधीच सुटलेली, मुख्य मार्गापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा बांधावर उभं राहून त्यानं ती पाहिली तेव्हा त्याला गाडी दिसलीच होती, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत उभी. दिवाळीला पहिली गाडी आणायची असं ठरलं होतं. डिसेंबरअखेर तो निवृत्त होणार होता. रंजिता मॅडम, म्हणजे कंपनीच्या डायरेक्टर, एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की हिरवा झेंडा अरविंदजी दाखवतील. तो त्या वेळी चष्मा पुसत राहिला होता. पण ही गोष्ट त्याला हवी होती, पोटातून हवी होती, इतकी की मीनालासुद्धा त्यानं ती सांगितली नव्हती. या वयात माणसाला झेंडा दाखवायचा सोस असावा हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटे.

खांदेश्वरच्या घरी आल्यावर हातपाय धुऊन तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढं उभा राहिला. मीना कोथिंबीर निवडत होती. गेल्या दोन महिन्यांत साइटच्या चार फेऱ्या झाल्या होत्या आणि चारी शुक्रवारांना त्यानंच पेन्सिलीनं गोल केले होते. त्यानं चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरांतल्या तिथ्या वाचल्या. दशमी. पान मागं उलटून, पुढं उलटून. नवमी. अष्टमी. आणि आजची सप्तमी. "काय शोधताय? एकादशी झाली की," मीना म्हणाली. शाळेत भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढलेला चंद्र त्याला आठवला, आणि बाजूला काढलेली ती फुगलेली पृथ्वी. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं आणि मधल्या अष्टमीच्या आसपास पाणी सुस्तावतं, हे त्याला काय, कुणालाही माहीत असतं. गोजराबाई त्याला भांग म्हणतात, एवढंच. चारी वेळा आपण झोपलेलं पाणी मोजलं. आणि त्यात दैवाचा काही खेळ नव्हता. ते कसं झालं तेही त्याला तिथंच, ग्लास हातात असताना, लख्ख आठवलं. पहिली फेरी ठरली होती बुधवारी. शहाजीचा आदल्या दिवशी फोन आला होता. "साहेब, उद्या अवस हाय. पहिली खुंटी अवसेला नको, आमच्या पोरांचं मन धजायचं नाही. पुढच्या आठवड्यात धरूया का?" आणि अरविंद लगेच हो म्हणाला होता. स्वतःला त्यानं बजावलं होतं की हे शहाजीसाठी, त्याच्या माणसांसाठी. आपलं आपल्याला काही नाही. पण खरं ते तसं नव्हतं. कराडकडच्या घरी आई अमावास्येला नवा खराटासुद्धा वापरायला काढत नसे, आणि शहाजीनं तारीख बदला म्हटल्यावर अरविंदला आतून बरंच वाटलं होतं. बुधवारचा मग पुढच्या आठवड्यातला शुक्रवार झाला. तिथून दर पंधरा दिवसांनी शुक्रवार. आणि चंद्राचंही गणित पंधरवड्याचंच. एकदा चुकलेला पाय दर वेळी त्याच खड्ड्यात पडावा तसं ते झालं होतं.

तरी यातून सुटायला जागा होती, आणि ती त्यानंच बुजवली होती. बंदराच्या छापील तक्त्यात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीचा आकडा असतो. तो त्यानं पाहिला होता. तो आपल्या पट्टीवरच्या पाण्यापेक्षा चार फूट वर होता. तेव्हा त्यानं रिपोर्टमध्ये एक वाक्य लिहिलं होतं, आणि त्या वाक्यावर तो चांगलाच खूश झाला होता: खाडीच्या आतल्या टोकाला येईपर्यंत भरतीचं पाणी दमतं, त्यामुळं प्रत्यक्ष जागेवर घेतलेली नोंद अधिक विश्वसनीय मानावी. दमतं हा शब्द इंग्रजी रिपोर्टात अर्थातच नव्हता, पण मनात तोच होता. तो शब्द सुचला तेव्हा त्याला आपल्या पस्तीस वर्षांच्या अनुभवाचं कौतुक वाटलं होतं. आता मोरीतल्या नळाचा आवाज ऐकत तो ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होता. जमिनीला कमी उंची पुरली की भराव कमी, चढ कमी, मुख्य मार्गाशी पातळी कशी अलगद जुळते. म्हणूनच तर चार नंबर एवढी सुरेख बसली होती. आणि तो बांध, जो आज खाडी अडवून धरतोय, तो काढायचाच होता, कारण रूळ त्याला छेदूनच आत येणार होते. म्हणजे बांध जाणार, आणि उघड्या खाडीसमोर आपण लाल रेघेवर यार्ड मांडणार. माणसं काम करतील तिथं. गाडी उभी असेल. त्यानं ग्लास विसळून पालथा घातला आणि मीनाला भूक नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग कोथिंबीर कुणासाठी निवडतेय मी?" तेव्हा तो निमूट जेवायला बसला.

पुढच्या आठवड्यात त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय, हा प्रश्न होताच. एका बाईनं चिंबोऱ्या बांधता बांधता विचारलेला प्रश्न आणि स्वयंपाकघरातली दिनदर्शिका, एवढ्यावर चौदा महिन्यांचं काम कसं थांबवायचं? कदाचित पाणी खरंच दमत असेल. कदाचित अवसेलाही ते रेघेच्या खालीच राहील. असं त्यानं स्वतःशी पुष्कळ वेळा म्हटलं, आणि दर वेळी त्याला वडिलांची आठवण झाली. वडील एका लहानशा स्टेशनावर माल बाबू होते. गुळाच्या दिवसांत तिथल्या साइडिंगला डबे लागायचे, आणि उभ्या डब्याच्या चाकाखाली लाकडी गुटका लावलाय की नाही हे पाहायचं काम वडिलांचं. अरविंद अकरा वर्षांचा असताना एक डबा आपणहून चालू लागला. हळू, अगदी माणसाच्या चालीनं, आणि रुळांचे सांधे बदलणाऱ्या वामन नावाच्या पॉइंट्समनचा डावा पाय घोट्याखाली घेऊन गेला. चौकशी झाली. वडिलांनी सांगितलं की मी गुटका स्वतः पाहिला होता. कागदावर तसंच लिहिलं गेलं, कागद मिटला. पण त्या दुपारी अरविंद जेवणाचा डबा घेऊन गुदामात गेला होता, आणि वडील गुळाच्या ढेपांच्या थप्पीला टेकून झोपलेले त्यानं पाहिले होते. त्यांना उठवायचं त्याच्या जिवावर आलं. तो डबा शेजारी ठेवून परत आला होता. हे त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि वडिलांनी कधी विचारलं नाही, पण मुलाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. वामन दर दिवाळीला फराळाला यायचा, काठी टेकत. तो दारात दिसला की वडील खुर्चीवरून उठायचे, त्याला तिथं बसवायचे, आणि स्वतः आत जाऊन चहा घेऊन यायचे. आईला आणू द्यायचे नाहीत. कप देताना दर वेळी बशीत चहा सांडायचा. बत्तीस दिवाळ्या. वामन आधी गेला, आणि त्या वर्षी वडिलांनी फराळाला हात लावला नाही. अरविंदचं वडिलांवर अतोनात प्रेम होतं. पण त्या सांडलेल्या चहाची त्याला आयुष्यभर भीती वाटत आली होती.

रिपोर्टवर सह्या शनिवारी व्हायच्या होत्या. गुरुवारी दुपारी ऑफिसातून मेसेज आला: शनिवारी अमावास्या असल्यामुळं कार्यक्रम रविवारी, पाडव्याच्या मुहूर्तावर. सकाळी दहाला गुढी, मग सह्या, मग पेढे. अरविंदनं तो मेसेज दोनदा वाचला आणि त्याला मोठ्यानं हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या पार्थनं, जो चार नंबरचे नकाशे काढायचा, कानातला इअरफोन काढून विचारलं, "काय झालं सर?" "काही नाही रे. शनिवार मोकळा झाला." ज्या रीतीनं आपल्याला चार वेळा उधाणापासून दूर ठेवलं, तिनंच आता एक अख्खा दिवस आणून हातावर ठेवला होता, आणि तोही नेमका हवा तो. जायचं नाही म्हटलं तर कुणी विचारणार नव्हतं. शनिवारी सकाळी तो दाढी करून बूट घालायला लागला तेव्हा मीना दारात आली. उद्याच्या गुढीचा तांब्या घासून तिचे हात चिंचेनं लाल झाले होते. "अमावास्येला कुठं निघालात? आज काय काम असतं?" "पाणी बघायला." "नळाला नाही आलंय का?" तो थांबला, आणि मग चपलांच्या कपाटाला टेकून त्यानं तिला सगळं सांगितलं. तिथ्या, लाल रेघ, दिवाळीची गाडी, हिरवा झेंडासुद्धा. मीनानं ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत नवऱ्याला काहीतरी हवंय हे तिनं त्याच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती म्हणाली, "डोक्याला टोपी घाला. ऊन आहे." मग जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आणि जे असेल ते सांगून या. घरी घेऊन येऊ नका."

बांधावर पोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते. हितेश नव्हता, शहाजी नव्हता, कुणीच नव्हतं. उघाडीजवळ गोजराबाई मात्र होत्या, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, दगडावर बसलेल्या. "आयलाव सायेब?" त्या म्हणाल्या, जणू तो येणार हे त्यांना ठाऊकच होतं. त्यानं मान हलवली आणि शेजारच्या दगडावर बसला. पाणी अजून खाली होतं, मागच्या फेरीच्या खुणेच्याही खाली, आणि त्याला एकदम हलकं वाटलं. दमतं की. बघा, दमतं. बाराच्या सुमाराला ते त्या खुणेला आलं. चढताना त्याचा आवाज होत नव्हता, नुसता चिखलातल्या बिळांतून बुडबुडे येत होते आणि निवटे, चिखलातले ते बोटभर मासे, उड्या मारत मारत वर सरकत होते. बाई त्यांच्या सासऱ्याची गोष्ट सांगत होत्या. गंगाराम त्यांचं नाव. गावानं या बांधाची राखण त्यांच्याकडं दिली होती. "अवसेच्या दिसाला आमचा सासरा घरान जेवाचा नाय. हितंच. भाकर मी आनाची. सगल्या गावाची शेती बांधाच्या आत, नि पानी भायेर. कुटं खेकड्यानं भोक पाडलं, तर चिखलाचा गोला तयार लागं हातात. अवसेला काम सुरू करू नको म्हनतान ना, त्यो आमचा कामाचाच दिस." अरविंद ऐकत होता आणि पट्टीकडं पाहत होता. साडेबाराला पाणी लाल रेघेला लागलं. तिथं ते क्षणभर थांबेल असं त्याला वाटलं होतं, का ते देव जाणे. रेघ त्यानं मारून घेतली होती, पाण्याला तिचं काय. ते तसंच वर गेलं. आधी रेघ पाण्याखाली थोडी हलताना दिसत होती, मग गढूळात दिसेनाशी झाली. त्याच्या छातीत काहीतरी खाली बसलं, पण त्यानं ज्याची धास्ती घेतली होती तसं ते नव्हतं. दुखत होतं, आणि तरी शांत वाटत होतं. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. पाणी वीतभर वर जाऊन, आणखी चार बोटं जाऊन, एकदाचं राहिलं. "झाली भरती," बाई म्हणाल्या. "पावसात किती चढतं?" त्यानं विचारलं. बाई उठल्या, पाण्यात उतरल्या आणि खांबावर तळवा ठेवला, आताच्या पाण्याच्या चांगला हातभर वर. "आखाडाच्या उधानाला, हितं." तो तसाच पाण्यात गेला आणि त्यांच्या तळव्याखाली पेन्सिलीनं खूण केली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

फोन त्यानं तिथूनच केला. रंजिता मॅडमच्या मागं बाजाराचा गलका होता. "अरविंदजी, गाठ्या घेतेय उद्यासाठी. बोला ना." "मॅडम, चार नंबरच्या रिपोर्टमध्ये चूक आहे. माझी आहे. मी उघाडीपाशी उभा आहे, आणि आपलं यार्ड पाण्याखाली आहे." पलीकडं गलका थोडा दूर गेला, त्या बाजूला सरकल्या असाव्यात. "आज नको ना," त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, विनवल्यासारखं. "आज अमावास्या आहे. असलं काही आज नको बोलायला. उद्या निवांत बसू." "आज अमावास्या आहे म्हणूनच सांगतोय, मॅडम. उद्या सही झालेली असेल." गाठ्या बाजूला ठेवायला त्यांनी कुणाला तरी सांगितलं. मग म्हणाल्या, "जागा गेली का?" "जागा चांगली आहे. पण पावसाळी उधाणाच्या वर दोन फूट धरायचे, तर जमीन साडेचार फूट तरी उचलावी लागेल. तेवढी उचलली की चढ बदलतो, फाटा मुख्य मार्गावरून अलीकडंच फोडावा लागेल, नकाशे नवे, रेल्वेची मंजुरी नवी." "आणि दिवाळीची गाडी?" "पुढच्या दिवाळीला येईल." "तुम्ही तर डिसेंबरला..." "हो," अरविंद म्हणाला. "मी नसेन." मॅडम हळूच म्हणाल्या, "बरं. उद्या या. गुढी तर उभारूच. सही नको." फोन बंद झाल्यावर तो पाण्यातच उभा राहिला. पलीकडं खाजणाच्या लांब पट्ट्यावर ऊन पडलं होतं. त्यानं गाडी पाहायचा प्रयत्न केला, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, आणि ती दिसली. साडेचार फूट वर, कोरड्या रुळांवर. झेंडा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता.

गोजराबाईंनी फडक्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढं केली. दोघं दगडावर बसून खात होते. पाणी उतरायला अजून वेळ होता. "परवा आनखी चार बोटं चढंल," त्या म्हणाल्या. "अवस गेली का लगेच नाय उतरत पानी. तवा पन येवा बगाला." अरविंदनं वही उघडली, आकडा लिहिला, तारीख लिहिली, आणि तारखेपुढं या वेळी तिथीही लिहिली. मग म्हणाला, "येतो." सोमवारी तो गेला.